मुलाचे उत्तर आणि आमची फुली

चौथीच्या वर्गात परिसर अभ्यासाचा तास चालू होता. आम्ही फळ्यावर प्रश्न लिहिला, "नदी किसे कहते हैं?" उत्तर ठरलेले होते : उंचावर उगम पावून उताराच्या दिशेने वाहत जाणारा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह म्हणजे नदी. चाळीसेक वह्यांपैकी बहुतेकांत हेच उत्तर त्याच शब्दांत उतरले होते. एका वहीत मात्र निराळेच वाक्य होते : "नदी वो है जिसके पुल पर से जाते वखत नाक पकडना पडता है." आम्ही त्यावर लाल फुली मारली. ते वाक्य वर्गाला वाचूनही दाखवले. मुले हसली, आम्हीही हसलो. तो मुलगा मात्र हसला नाही. वही परत घेताना त्याने हळूच विचारले, "आपा, फिर खाम क्या है?"

ही गोष्ट काही वर्षांपूर्वीची. त्या प्रश्नाला आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. औरंगाबादच्या, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरच्या, जुन्या शहरात वाढलेल्या कोणालाही खाम ठाऊक आहे. तिच्यावरचे पूल ठाऊक आहेत, तो वासही ठाऊक आहे. अलीकडे तिच्या पुनरुज्जीवनाचे काम झाले आहे, काही ठिकाणी काठ बदललेही आहेत. पण त्या मुलाने रोज शाळेत येताना जी नदी पाहिली, ती त्याने इमानाने लिहिली होती. त्याच्या आयुष्यातली ती एकमेव नदी होती. इतर एकोणचाळीस मुलांनी नदीबद्दल काहीच विचार केलेला नव्हता, त्यांना पूर्ण गुण मिळाले. ज्याने विचार केला होता, त्याला फुली मिळाली.

तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनातून जात नाही. मूल विचार करायला शिकते म्हणजे नेमके काय होते? आणि त्या घडण्यात आम्हा शिक्षकांचा, आई-वडिलांचा हक्क किती? हा प्रश्न केवळ शिक्षणशास्त्राचा नाही, तो न्याय-अन्यायाचाही आहे.

बी.एड.ला असताना 'संकल्पना निर्मिती' हा घटक आम्हीही शिकलो होतो. निरीक्षण, तुलना, भेद ओळखणे, समान गुण वेगळे काढणे, सामान्यीकरण आणि मग नाव देणे, अशा त्याच्या पायऱ्या होत्या. आम्ही त्या क्रमाने पाठ केल्या, क्रमाने लिहिल्या आणि चांगल्या गुणांनी पास झालो. संकल्पना पाठ करून येत नाही, हेसुद्धा आम्ही पाठच केले होते! आज त्याचे हसू येते आणि लाजही वाटते.

त्या पायऱ्यांचा खरा अर्थ आम्हाला घरात कळला. आमचा एक भाचा दीड वर्षाचा असताना दाढीवाल्या प्रत्येक बुजुर्गाला 'नाना' म्हणायचा. मशिदीतून परतणारे नाना, रिक्षावाले नाना, कॅलेंडरवरच्या चित्रातलेही नाना. घरात सगळे हसायचे. पण त्या लेकराने केवढे मोठे काम केले होते ते पाहा. असंख्य चेहऱ्यांमधून त्याने एक समान गुण स्वतः शोधला होता, त्यावरून एक वर्ग बनवला होता आणि त्या वर्गाला नाव दिले होते. नियम चुकीचा होता, पण नियम होता. पुढे एके दिवशी दाढी नसलेले दुसरे नाना घरी आले आणि त्याचा नियम मोडला. मग 'नाना' म्हणजे दाढी नव्हे, 'अम्मीचे अब्बा' हे त्याला हळूहळू उमगले. कोणी त्याला व्याख्या सांगितली नव्हती. आपली चूक स्वतःच मोडत तो खऱ्या अर्थापर्यंत पोहोचला.

स्वित्झर्लंडचे झाँ पियाजे (१८९६–१९८०) यांचे सारे आयुष्य या चुकांच्या अभ्यासात गेले. तरुणपणी पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या तपासण्याचे काम त्यांच्याकडे आले. काम साधे होते, बरोबर उत्तरे मोजायची. पण पियाजेंचे लक्ष चुकीच्या उत्तरांकडे गेले. एका वयाची मुले एकाच प्रकारची चूक करतात, म्हणजे त्या चुकीमागे काही विचार आहे, हे त्यांनी ताडले आणि मुलांना ते खोदून विचारू लागले, "तुला असे का वाटते?" आमचे काम जिथे फुली मारून संपते, तिथून त्यांचे काम सुरू झाले.

पियाजेंच्याच वर्षी, १८९६ साली, जन्मलेले रशियाचे लेव्ह विगोत्स्की फक्त सदतीस वर्षे जगले. १९३४ साली क्षयाने त्यांचा मृत्यू झाला, आणि विचार व भाषा यांच्या नात्यावरचा त्यांचा ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. त्यांनी दोन प्रकारच्या संकल्पना सांगितल्या. एक, रोजच्या जगण्यातून उगवणारी. दुसरी, शाळेतून, पुस्तकातून, शब्दांच्या वाटेने येणारी. पहिली खालून वर चढते, दुसरी वरून खाली उतरते. दोघींची भेट झाली तरच मूल खऱ्या अर्थाने समजले असे म्हणता येते. भेट झाली नाही तर पहिली आंधळी राहते आणि दुसरी पोकळ. आमच्या त्या वर्गात दोन्ही होत्या. एकोणचाळीस वह्यांत पोकळ नदी होती, एका वहीत आंधळी नदी होती. त्यांची भेट घालून देणे हे आमचे काम होते. आम्ही मधे फुली मारली.

आमच्या मुलांचा प्रश्न आणखी एका कारणाने गुंतागुंतीचा आहे. घरात दख्खनी, शाळेत किताबी उर्दू, दुकानात, दवाखान्यात आणि सरकारी कार्यालयात मराठी, आणि पुढे जायचे तर इंग्रजी. एकच शब्द एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेला की अर्थ बदलतो. उर्दूच्या पुस्तकात 'दरिया' म्हणजे नदी, मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र. मराठीच्या तासाला "खाली बस" म्हटले की नवे मूल रिकामी जागा शोधू लागते. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण, मराठीत तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. आणि 'कायदा' पाहा. आमच्या मुलाच्या हातात आयुष्यातले पहिले पुस्तक येते ते कायदा, ज्यातून तो अलिफ, बे शिकतो. मराठीत कायदा म्हणजे मोडता न येणारा नियम. कधी कधी वाटते, आम्ही शिक्षकांनी हे दोन्ही अर्थ एक करून टाकले आहेत. जे पुस्तकात आहे ते कायदा, त्यावर विचारायचे नाही.

लोक म्हणतात, इतक्या भाषांच्या ओढाताणीत मुलांचा गोंधळ होतो. होतो, हे खरे आहे. पण विगोत्स्कींनीच दाखवून दिले की दुसरी भाषा शिकणारे मूल आपल्या भाषेकडेही दुरून पाहू लागते. शब्द आणि वस्तू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला लवकर कळू शकते. लहान मुलाला वाटते, नाव हे वस्तूच्या आतच असते. सूर्याला चंद्र म्हणता येईल का, असे विचारले तर ते नाही म्हणते, कारण सूर्य तर उजेड देतो! आपल्या शहराचे नाव बदलले तेव्हा दुसरीतल्या एका मुलीने आम्हाला काळजीने विचारले होते, "आपा, अब बीबी का मकबरा किधर जाएगा?" मोठी माणसे त्या नावावरून वाद घालत होती, आणि तिला फक्त एवढेच हवे होते की मकबरा जागेवर राहावा. तो जागेवरच आहे, हे तिला सांगताना आमच्या लक्षात आले की नाव आणि वस्तू यांतला फरक शिकवायला यापेक्षा चांगला धडा मिळणार नाही. 'दरिया' आणि 'दर्या' शेजारी लिहून "असे का झाले असेल?" एवढे विचारले तरी वर्गाचा अर्धा तास विचारात जातो. भाषांची ही संपत्ती आमच्या मुलांकडे फुकट आहे. आम्ही तिला आजार समजतो.

आता गणिताकडे येऊ. आमच्या वर्गातला एक मुलगा शाळा सुटल्यावर शहागंजमध्ये वडिलांच्या फळांच्या गाडीवर बसतो. पाऊण किलो सफरचंद, अर्धा डझन केळी, पाचशेच्या नोटेतून परत किती, हे सारे तो बोटही न मोडता सांगतो. वर्गात अपूर्णांकाचे उदाहरण घातले की त्याचे तोंड उतरते. आम्ही कितीतरी दिवस त्याला 'ढ' समजत होतो. पुढे वाचनात आले की ब्राझीलमधील रेसिफे शहरात संशोधकांनी नारळ वगैरे विकणाऱ्या मुलांचा असाच अभ्यास करून तो १९८५ साली प्रसिद्ध केला होता. बाजारात जवळजवळ प्रत्येक हिशेब बरोबर करणारी मुले तीच आकडेमोड कागदावर आली की चुकत होती. आपल्या देशातही अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तो २०२५ साली 'नेचर' या नियतकालिकात आला. तिथेही हेच दिसले. शिवाय आणखी एक गोष्ट दिसली. शाळेत कागदावर गणित करणारी मुले बाजारातल्या साध्या व्यवहारात अडखळली. म्हणजे नुकसान एकाच बाजूचे नाही. गाडीवरच्या मुलाला शाळेचे गणित परके, आणि शाळेच्या मुलाला गणितच परके.

आम्ही त्या मुलाला एकदा फळ्याजवळ बोलावून म्हटले, "समज, मी गिऱ्हाईक आहे. पाऊण किलो दे, एकशे साठ रुपये किलो." तो पटकन म्हणाला, "एकशे बीस." आम्ही विचारले, "कैसे किया?" तो गोंधळला. आजवर त्याला हा प्रश्न कोणी विचारलेला नव्हता. थोडा विचार करून म्हणाला, "आधे के अस्सी, पाव के चालीस." आम्ही ते त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहिले आणि खाली अपूर्णांकांत पुन्हा लिहिले. तो बराच वेळ त्या दोन ओळींकडे पाहत राहिला. त्या एका दिवसात तो गणितात हुशार झाला असे काही नाही. पण फळ्यावरचे गणित आपल्या गाडीवरचेच आहे, हा संशय त्याच्या मनात आला, आणि शिक्षणाची सुरुवात अशा संशयातूनच होते.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. पालकसभेत एका वडिलांनी आम्हाला स्पष्ट सांगितले, "आपा, सोचना बाद में सिखाओ. पहले बच्चे को पास करो." गरिबाच्या मुलाला एकच संधी मिळते. परीक्षेत नदीची व्याख्या विचारतात, नदीचा वास विचारत नाहीत. आपल्या वस्तीतल्या मुलाने शाळा सोडली तर तो थेट गॅरेजवर जातो. त्याच्या 'विचारा'चे कौतुक करून त्याचे गुण कोण भरून देणार? या बापाला आम्ही मागासलेला म्हणणार नाही. तो आपल्या मुलाच्या भाकरीबद्दल बोलत होता.

पाठांतराचाही आम्ही तिरस्कार करत नाही. ज्या समाजात लहान वयात मूल हाफिज होते, त्या समाजाला स्मरणशक्तीची किंमत कोणी शिकवायला नको. पण आमच्याच परंपरेने पाठांतर आणि समज यांतला फरकही केव्हाच ओळखला होता. इब्न खल्दून यांनी १३७७ साली 'मुकद्दमा' लिहिला, त्यात शिकवण्याच्या पद्धतीवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. विद्यार्थ्याच्या आवाक्याप्रमाणे हळूहळू, टप्प्याटप्प्याने शिकवावे, असे ते सांगतात. मोठ्या विद्यांची छोटी छोटी संक्षिप्त पुस्तके करून ती पाठ करायला लावणे शिक्षणाला मारक आहे, असेही ते बजावतात. साडेसहाशे वर्षांपूर्वी त्यांनी जणू आमच्या बाजारातली गाइडेच पाहिली होती! आणि कठोर मारझोडीने मूल खोटेपणा शिकते, मनात एक आणि ओठांवर दुसरे ठेवू लागते, हेही त्यांनीच लिहिले. छडी आता शाळांतून कायद्याने गेली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली. पण भर वर्गात एखाद्याचे उत्तर वाचून हसणे कशात मोडते? त्या दिवसानंतर त्या मुलाने कितीतरी दिवस स्वतःचे वाक्य लिहिले नाही. पुस्तकातलेच लिहायचा. मनात एक नदी, वहीत दुसरी. इब्न खल्दून ज्याला खोटेपणा म्हणतात, तो आम्ही छडीशिवाय शिकवला होता.

कुरआनमध्ये हजरत इब्राहीम (अलैहिस्सलाम) यांचा तारा, चंद्र आणि सूर्य यांचा किस्सा आहे. तारा दिसतो, मावळतो. चंद्र त्याहून मोठा, तोही मावळतो. सूर्य सर्वांत मोठा, पण तोही मावळतो. मग जो मावळत नाही त्याच्याकडे ते वळतात. अनेक मुफस्सिरांच्या मते हे बोलणे आपल्या कौमला समजावण्यासाठी होते. तसे मानले तरी शिक्षकाने त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. निष्कर्ष एका वाक्यात सांगता आला असता. तरी समजावताना पायऱ्या ठेवल्या, आणि प्रत्येक पायरी अपुरी का, हे ऐकणाऱ्याला पाहू दिले.

तर मग त्या बापाला आमचे उत्तर काय? विचारान्ती आम्हाला असे वाटते की मुलावर दोन प्रकारे अन्याय होऊ शकतो. पहिला अन्याय त्याचा अनुभव पुसून टाकण्याचा. तो आम्ही केला. दुसरा अन्याय त्याला त्याच्या अनुभवातच सोडून देण्याचा. "वा, किती छान विचार केलास" म्हणून पाठ थोपटायची आणि त्याची नदी नाक दाबण्यापुरतीच राहू द्यायची. हा दुसरा अन्याय दिसायला प्रेमळ असतो, म्हणून अधिक धोक्याचा. 'ज्ञानरचनावाद' हा शब्द आपल्या शाळांत आला, फरशांवर रंगीत तक्ते निघाले, मुले गोल करून बसू लागली. त्यात चांगलेही घडले. पण मूल आपोआप सारे ज्ञान रचून घेईल आणि शिक्षकाने फक्त पाहत राहावे, असे समजणे म्हणजे आपली जबाबदारी मुलाच्या डोक्यावर टाकणे. श्रीमंताचे मूल घरी पुस्तके, प्रवास, मोठ्यांच्या गप्पा यांतून वरची संकल्पना उचलते. आमच्या मुलाला ती शाळेतूनच मिळायची आहे. म्हणून व्याख्या द्यायची, जरूर द्यायची. पण त्याच्या नदीला भेटवून द्यायची.

तसा प्रयत्न आम्ही पुढच्या वर्षी केला. वर्गाला पाणचक्कीला नेले. ती खामच्याच काठी आहे, हे मुलांना ठाऊक असूनही कधी जाणवले नव्हते. मलिक अंबरने सतराव्या शतकात या शहराला नहरींनी पाणी आणले. त्याच परंपरेत अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ही चक्की उभी राहिली. दूरच्या डोंगरातल्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून इथे येई आणि त्याच्या जोरावर फकिरांसाठी, विद्यार्थ्यांसाठी धान्य दळले जाई. मुले हौदात पडणारे पाणी पाहून खूश झाली. मग आम्ही त्यांना बाहेर पुलाजवळ नेले आणि एकच प्रश्न विचारला, "हे पाणी कुठून आले आणि कुठे चालले?"

उत्तरे सुरू झाली. गटारातून आले. नाही, पावसातून. हर्सूलच्या तलावातून. आम्ही नकाशा उघडला. जटवाड्याचे डोंगर, हर्सूल तलाव, आपले शहर आणि पुढे गोदावरीचे खोरे, जायकवाडीचा नाथसागर. एक मुलगी बोट फिरवत नाथसागरापर्यंत आली आणि थांबली. "आपा, अपना नल का पानी भी तो जायकवाडी से आता ना?" आम्ही हो म्हटले. सगळे गप्प झाले. मग फुली मिळालेला तो मुलगा, जो आता पाचवीत होता आणि आमच्याबरोबर मदतीला आला होता, म्हणाला, "मतलब इधर जो डालते, वो उधर जाता. और उधर से अपने घर." पाणी शुद्धीकरण केंद्रातून शुद्ध होऊन येते, हे आम्ही सांगितले. ते खरेही आहे. पण त्याला जे कळायचे ते कळले होते.

त्या क्षणी पुस्तकातला 'उगम', 'उतार' आणि 'प्रवाह' हे तीन शब्द त्याच्या नाकाला, त्याच्या पुलाला आणि त्याच्या घरातल्या माठाला जोडले गेले. त्याची पहिली नदी खोटी ठरली नाही, ती मोठी झाली. व्याख्या पाठ असणाऱ्याला नदीत कचरा टाकताना काही वाटत नाही, कारण व्याख्येतल्या नदीत कचरा पडत नाही. ज्याच्या मनात नदीची संकल्पना तयार झाली, त्याचा हात थोडा तरी थबकतो. विचार करायला शिकवणे आणि चांगला माणूस घडवणे ही दोन वेगळी कामे आहेत, असे आम्ही समजत होतो. आता तसे वाटत नाही.

वाचकहो, यात आम्ही फार मोठे काही केले असा दावा नाही. अभ्यासक्रम पूर्ण करायचा असतो, अहवाल भरायचे असतात, वर्गात चाळीस मुले असतात आणि रोज पाणचक्कीला जाता येत नाही. आम्ही आजही फुल्या मारतो. फक्त मारण्याआधी एकदा विचारतो, "तुला असे का वाटले?" पुष्कळदा उत्तर चुकीचेच निघते. कधी कधी मात्र आमचा प्रश्नच चुकलेला निघतो. हे विचारायला शाळाच हवी असे नाही. दस्तरखानावर, दुकानात, रिक्षात, आपल्या लेकराने काही भलतेच उत्तर दिले तर हसण्याआधी आपणही एवढे विचारून पाहावे. परीक्षेत त्याचे गुण वाढतील की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. पण मनात एक आणि वहीत दुसरे, असे लिहिण्याची वेळ त्याच्यावर येणार नाही.